सुटलेल्या घोट्याचं बक्षीस

प्रिय अहो,

सोळा वर्षांच्या संसारात तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिणार तरी कधी? तुम्ही मखमलाबाद सोडून जायचात ते सामन्यांपुरतं, आणि चौथ्या दिवशी मातीने भरलेली पिशवी घेऊन दारात हजर. आज मात्र लिहायलाच हवं. तुमची एक शपथ मी मोडलीय, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

परवा सकाळी रघूभाऊजी आले होते. तुम्हाला जाऊन वर्ष होईल म्हणून मंडळाने तुमच्या नावाने कबड्डीची स्पर्धा ठेवलीय! पत्रिकेचा कच्चा नमुना मला दाखवून माझी सही घ्यायला आणला होता. वर तुमचा फोटो, तोच, मिशी एका बाजूला जास्त कापलेला. फोटो बघून माझे डोळे भरून आले. मग खालची ओळ वाचली: 'कै. सुदाम यांच्या स्मरणार्थ खिलाडूवृत्ती पुरस्कार.' आणि खरं सांगू? रडता रडता मला हसूच फुटलं. रघूभाऊजी घाबरले. त्यांना वाटलं, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला.

शेवटी तुम्हाला नको होतं तेच तुमच्या गळ्यात पडलं ना?

किती वेळा चिडून म्हणाला असाल तुम्ही, "मंदे, पंधरा वर्षं उजवा कोपरा सांभाळला, शेकड्यांनी पाय धरले, ते कोणाच्या ध्यानात नाय. एक सुटला, त्याचं कौतुक! मी मेल्यावर पण हेच सांगतील बघ." मी म्हणायचे, काहीतरी अभद्र बोलू नका. आणि बघा, तेच सांगायला निघालेत. म्हणून सही न करता तो कागद मी ठेवून घेतला.

तुमचा सगळा धंदाच पायांचा! मला बघायला आलात ते आठवतंय? सिन्नरला आमच्या ओसरीत तुम्ही पोह्यांची बशी हातात घेऊन बसलात आणि तासभर मान वर केली नाहीत. माझा मामा आत येऊन आईच्या कानात म्हणाला, "पोराच्या मानेत काही दोष आहे का विचारून घे." मी तर ठरवलंच होतं, असला लाजाळू नवरा नको. नंतर सासूबाईंनी सांगितलं की परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?" आणि तुम्ही म्हणालात, "डावा पाय आधी टाकते. चालताना कचरत नाय. चांगली हाय." नाक नाही, डोळे नाहीत, रंग नाही, डावा पाय! अहो, कोणत्या बायकोने ऐकलं असेल असं?

लग्नात तर कहर झाला. तोवर मामाला तुमची कीर्ती कळली होती. तुम्ही पाया पडायला वाकलात आणि तो दोन पावलं मागे सरकला. तुम्ही सवयीने पुढे सरकलात, तो आणखी मागे. शेवटी मांडवाच्या कनातीला टेकला बिचारा. सगळी वऱ्हाडी मंडळी हसत होती आणि तुम्ही गोंधळून उभे. त्या क्षणी तुम्ही मला आवडलात. हे मी कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सातपूरच्या कंपनीने कागदावर तुम्हाला हेल्पर म्हणून घेतलं होतं, पण ठेवलं होतं संघाचा कोपरा सांभाळायला. पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, मग कंपनीतली पाळी, मग मैदान. तुमच्या हाताला कायम कोथिंबिरीचा वास. देवळालीची पोरं म्हणायची, सुदामने धरलेला पाय दोन दिवस भाजीसारखा दरवळतो! बोटांची ताकद वाढावी म्हणून घरातले सगळे ओले कपडे तुम्हीच पिळायचात. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस गं. पण माझ्या तीन साड्या तुमच्या पिळण्याने फाटल्या, ते त्यांना कुठे माहीत होतं?

बाजारात कोणी हाक मारली तर तुम्ही आधी खाली बघायचात, मग म्हणायचात, "अरे, दत्तू!" तोंडं तुमच्या लक्षातच राहायची नाहीत. बोटं, टाचा, घोटे मात्र पाठ. रघूभाऊजींच्या पायाची वाकडी करंगळी तर तुम्ही अंधारातही ओळखली असती. इतकी वर्षं ते तुमच्या शेजारी, तुमचा हात धरून खेळले. तुम्ही कोपऱ्यात, ते कोपऱ्याच्या आत. चढाई करणारा आला की तुम्ही झेपावून त्याचा घोटा धरायचा आणि त्यांनी वरून पडायचं. ठरलेलं काम.

मग ती मॅट आली. मातीवर अनवाणी खेळणाऱ्यांनी बूट घालायचे! तुम्ही किती वैतागला होतात. "सगळ्यांनी तोंडाला फडकं बांधून फिरायचं म्हटल्यावर माणूस ओळखायचा कसा?" म्हणालात. मी हसले होते. नको होतं हसायला.

त्या अंतिम सामन्याला मी डबा घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. समोर देवळालीचा संघ. आपण एका गुणाने पुढे, आणि त्यांच्या दशरथची शेवटची चढाई. तुम्ही झेपावलात, घोटा धरलात, रघूभाऊजी वरून पडले, आणखी दोघे पडले. मी डबा बाजूला टाकून उभी राहिले! तुमच्या हातातून घोटा सुटलेला मी तोवर पाहिला नव्हता. जिंकलोच होतो आपण.

आणि तुम्ही हात उघडलात. माझ्या डोळ्यांदेखत! दशरथने अंग ताणलं, मधल्या रेषेला बोटं टेकवली आणि सामना गेला. तो तसाच पोटरी धरून कळवळत पडला, पायात गोळा आला होता त्याच्या. माईकवाल्याला तेवढंच पुरलं. "बघा मंडळी, प्रतिस्पर्ध्याला त्रास होतोय म्हणून सुदामने हातातली पकड सोडली! याला म्हणतात खिलाडूवृत्ती!" टाळ्यांनी मैदान दणाणलं. दशरथ लंगडत आला आणि तुमच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. मी म्हटलं, एवढं मोठं मन दाखवलंत, मग तोंड का पाडून बसलात? तेव्हा तुम्ही सांगितलंत, इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

"मला रघ्याचा पाय वाटला गं."

दोन्ही संघांनी द्वारका चौकातल्या त्याच दुकानातून तेच पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते! ढिगाऱ्याखाली तुम्हाला वाटलं, आपण आपल्याच माणसाचा घोटा पिरगाळतोय. म्हणून सोडलात. मी हसत सुटले आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मला शपथ घातलीत, कोणाला सांगायचं नाही. "तो पोरगा माझ्या पाया पडला मंदे. त्याला काय तोंड दाखवू?"

मग सुरू झाले सत्कार. दर सत्काराला तीच गोष्ट, तेच भाषण आणि शाल. तुम्ही मान खाली घालून ऐकायचात आणि लोक म्हणायचे, किती विनम्र! मला माहीत होतं, तुम्ही पहिल्या रांगेतले पाय बघताय.

अहो, एक गोष्ट मात्र मला सांगायचीच आहे. त्या दिवशी कोथिंबीर बांधता बांधता तुम्ही छातीवर हात दाबून खाली बसलात. जीपमध्ये तुम्हाला आडवं केलं, तेव्हा पायाशीच जागा होती. मी तुमचा घोटा धरून बसले. तुम्ही शिकवलं होतंत तसा, अंगठा आतून, बोटं बाहेरून. हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही. तरी गेलात. तेव्हापासून मला कळलंय, हातातून सुटतं तेव्हा काय होतं. तुमच्यावर हसले होते ना, त्याबद्दल माफ करा.

तर काल मी देवळाली कॅम्पला गेले, दशरथकडे. आता पोट सुटलंय त्याचं, पोरांना शिकवतो. त्याला फसवून ही पत्रिका छापायची नाही असं मी ठरवलं होतं. बाजाराच्या मागच्या मैदानात त्याला एका बाजूला घेतलं आणि शपथ मोडली. सगळं सांगितलं. वाटलं, आता हा चिडणार, नाहीतर रडणार.

तो हसायला लागला! इतका हसला की पोरं खेळ थांबवून बघायला लागली. म्हणाला, "वहिनी, कसम से, मला तेव्हाच माहीत होतं! माझा पाय सोडताना सुदामदादा त्याच पायाकडे तोंड करून ओरडले, 'रघ्या, पाय काढ!' मी ऐकलं ना!"

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं गप्प का बसलास?"

"काय बोलणार? लोक त्यांना हार घालत होते. आणि खरं सांगू? त्यांच्या पकडीतून सुटलेला मी एकटाच. ते कसं सुटलो, ते मी कशाला सांगू?"

ऐकलंत का अहो? तुम्ही त्याच्यासाठी गप्प, तो तुमच्यासाठी गप्प, आणि मी दोघांसाठी! आम्ही दोघांनी हसून मैदान डोक्यावर घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा मी पोट दुखेपर्यंत हसले.

तिथून तडक रघूभाऊजींकडे. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग चप्पल काढली, आपल्या करंगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे वहिनी, मला वाचवायला त्याने फायनल घालवली?" डोळे पुसले आणि लगेच म्हणाले, "पण त्या बावळटाला माझा पाय एवढा बारीक वाटला?"

पत्रिकेवरची ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. आता तिथे लिहिलंय: 'कै. सुदाम यांच्या स्मरणार्थ, स्पर्धेतील सर्वोत्तम पकडीसाठी.' दशरथ प्रमुख पाहुणा आहे. तो म्हणालाय, मी खरी गोष्ट माईकवर सांगणार, आणि माझ्याआधी ज्यांचे ज्यांचे पाय दादाने धरले, त्यांनाही बोलवणार, उभे करणार एका रांगेत. आता कागदावर माझी सही झालीय. संध्याकाळी छापायला जाईल.

बक्षीस माझ्या हाताने द्यायचंय म्हणे. देईन. आणि तुम्हाला शब्द देते, जो कोणी घ्यायला येईल, त्याला आधी बूट काढायला लावीन. तोंड नंतर बघू.

तुमची,
डावा पाय आधी टाकणारी
मंदा