नापास झालेली चाल

सांगली, २७ जानेवारी २०२४

ती. स्व. लालासाहेबदादांस,
धाकट्या शालूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून शाई संपवतेय. कानाचं यंत्र कपाटात ठेवून कसं ऐकू येईल?

काल हरणावहिनींना संचलन बघायला नेलं. आपला अर्जुनाअण्णा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच बाहेर पडल्या. लष्कराच्या बँडनं एक मार्च वाजवला. उसाची गाडी हाकताना अण्णा शीळ घालायचा, तीच चाल! मधेच दोन ठोके नुसता ड्रम. अण्णा तिथंच शीळ थांबवून बैलाला चुचकारायचा. लाऊडस्पीकर खरखरत होता, नाव कळलं नाही. तुमची सगळी नोकरी बँडात गेली. कुठला मार्च हा?

थोरामोठ्यांना नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
तुमची शालू

सातारा, ३ फेब्रुवारी

चि. सौ. शालूस अ. उ. आ.

यंत्र लावलं की सूनबाईंचं बोलणं भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून काढून ठेवलंय. मार्च म्हणशील तर शेकडो आहेत, सगळ्यांना तोच डावा-उजवा. अर्जुनाची चाल मी सुट्टीत लिहून नेली होती. बँडमास्तरांनी ती नापास केली, हे तेव्हाच कळवलं होतं. दुःखात माणसाला सगळीकडं तेच ऐकू येतं. हरणाबाईंच्या डोक्यात उगाच काही भरवू नकोस.

सर्वांना आशीर्वाद. पत्र लिहीत जा.
तुझा दादा

सांगली, ९ फेब्रुवारी

ती. स्व. दादांस सा. न.

लाऊडस्पीकर चांगला होता. मार्च 'वारणातीर', रचना हवालदार लालासाहेब, असं ठणठणीत ऐकलं. वहिनीच म्हणाल्या, थोरल्यांना खरं बोलायला जागा ठेवून लिही. तुम्ही त्या जागेत पुन्हा खोटंच भरलंत. तुमचं ते नापासाचं पत्र आल्यापासून अण्णानं कधी शीळ घातली नाही. आपलं अडाण्याचं काम, म्हणायचा. मला तुमची लाज वाटते.
शालू

सातारा, १५ फेब्रुवारी

चि. शालूस आशीर्वाद.

चाल त्याचीच. बँडमास्तरांनी कुणाची म्हणून विचारलं, माझी बढती अडली होती, मी माझी म्हणालो. हवालदारकीची फीत मिळाली. घरी खरं कळवलं असतं तर अर्जुना गावभर सांगत सुटला असता, म्हणून नापास लिहिलं. पुढच्या सुट्टीत सांगू, असं प्रत्येक सुट्टीत वाटायचं. मग पेन्शनच आली. हरणाबाईंना समजाव. वर्षश्राद्धाला येतो, थोरला असून त्यांच्या पाया पडतो.

जमल्यास लोभ ठेव.
दादा

सांगली, २१ फेब्रुवारी

दादांस,

वहिनींचा निरोप देते. चाल तुमच्याच नावावर राहू द्या, आता मागून काय करायची, म्हणतात. पण अण्णानं जायच्या आदल्या दिवशी त्यांना विचारलं होतं, की ती चाल खरंच एवढी वाईट हुती का गं. त्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, की व्हय, थोरलं कशाला खोटं लिवतील.

वर्षश्राद्धाला येऊ नका.
शालू