कोरडं की पाणी मारून?

प्रिय सर्व्हेताई,

तुमचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलंच नाही, म्हणून हेच लिहिते. मी त्या दगड पॉलिशवाल्यांची धाकटी. तुमचा पत्ता मागितला तर तुमच्या जुन्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, 'पत्र द्या, पोचवते. पत्ता मिळणार नाही.' नियमाला पक्क्या आहात सगळ्याच!

दर दोन वर्षांनी तुम्ही आरोग्याच्या सर्व्हेचा फॉर्म घेऊन यायचात. तब्येतीचं विचारलंत की बाबा 'ठणठणीत!' म्हणायचे आणि लगेच खोकत सुटायचे. तुम्ही कधी हसला नाहीत. कामाच्या रकान्यात आधीच्या माणसाने नुसतं 'मजूर' लिहिलं होतं. तुम्ही मात्र खोदून खोदून विचारलंत, कुठला दगड, किती वर्षं, पॉलिश कोरडं की पाणी मारून? बाबा वैतागले. 'अहो, त्याने काय फरक पडतो?' तुम्ही म्हणालात, 'मलाही माहीत नाही, म्हणून तर लिहून घेते.'

मग त्या सहीचं निघालं. दवाखान्यातल्या नोंदी या उत्तरांना जोडू द्याल का? बाबांच्या कपाळावर आठ्या. 'म्हणजे माझा खोकला जगजाहीर?' नाव काढून टाकतात, नुसता नंबर राहतो, असं तुम्ही समजावलंत आणि सही न घेताच कागद परत पर्समध्ये ठेवलात. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःहून पेन मागितलं. 'दोन वर्षं विचार केला,' म्हणाले.

बाबा गेल्यावर वर्षभरात तुमच्या सर्व्हेवरून केलेल्या अभ्यासाची पुस्तिका घरी आली. दवाखान्याच्या कागदांवर 'दमा' होता, पण माणूस काय काम करतो ते नव्हतं. तुमच्या फॉर्मवर काम होतं, आजार नव्हता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं, की दम्याची औषधं घेणाऱ्यांत कोरडं पॉलिश करणारेच भरमसाट. त्याच नंबरांचे छातीचे जुने फोटो पुन्हा तपासले, तर दमा नव्हे, दगडाची धूळ. मग सगळ्या कारखान्यांतल्या माणसांना छातीच्या फोटोसाठी बोलावलं. आमचा दादा बाबांच्याच मशीनवर लागला होता. साधा खोकलाही नव्हता त्याला, पण फोटोत बारीक ठिपके निघाले. डॉक्टर म्हणाले, 'हे काम आजच सोड.' तणतणत सोडलं. आता शाळेची बस चालवतो. त्याच्या जुन्या कारखान्यात प्रत्येक मशीनला पाण्याची नळी आलीये. दोस्तमंडळी संध्याकाळी भिजलेल्या मांजरासारखी घरी जातात, वर कुरकुरतात.

बाबांना याचा काही उपयोग झाला नाही.

हे पत्र खरं तर आईचं आहे. बाबांना जाऊन नऊच दिवस झाले होते आणि तुम्ही, काहीच माहीत नसताना, ठरल्या तारखेला दारात उभ्या राहिलात. आई ओरडली, 'माणूस गेला, आता काय मोजताय?' आणि तुमच्या तोंडावर दार लावलं. त्यानंतर दुसऱ्याच बाई येऊ लागल्या. काल दादाचा यंदाचा फोटो आला. चार वर्षांत ठिपके वाढलेले नाहीत. आई कितीतरी वेळ त्या पाकिटावर हात ठेवून बसली, मग म्हणाली, 'त्या बाईंना लिही. मी त्यांना दारातून हाकललं आणि त्यांच्यामुळे माझा मुलगा राहिला.' ताई, रविवारी या. फॉर्म आणू नका. या वेळी आईला विचारायचंय, तुम्ही कशा आहात, घरी कोण कोण असतं, गुडघे दुखतात का. इतकी वर्षं तुम्ही आमचं सगळं लिहून घेतलंत, आम्ही तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

वाट पाहणारी,
तुमचीच धाकटी