ग्रेसच्या वडिलांनी सभेत सांगितलं ते

रविवार, संध्याकाळ. हिमायतनगर.

शेजारची ग्रेस आज मला तिच्या वडिलांच्या प्रार्थनासभेला घेऊन गेली. ते मोठे प्रवचनकार, पण सात वर्षं तिच्याशी बोललेले नाहीत. तरी ती दर वर्षी जाते, डोक्यावरून ओढणी घेऊन अगदी मागे बसते.

देशानं पश्चात्ताप करावा, तरच देश जागा होईल, असं ते तेलुगूत सांगत होते. सगळं मैदान रडत होतं. मधेच थांबले. चष्मा काढला.

"मी माझ्या मुलीला घराबाहेर काढलं," म्हणाले. "तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून. मी तुम्हाला काय शिकवणार?"

हे असं, माइकवर! तो हातातला चष्मा डोळ्यांपुढून जात नाही. वाटलं, आता ग्रेस धावत पुढे जाईल. ती उठली, माझा हात धरला आणि फाटकाकडे निघाली.

ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, "अरे, उन्होंने मान लिया ना!"

"सबके सामने बोले," ती म्हणाली. "मेरे कू नहीं बोले."

मघाशी त्यांच्या त्या कबुलीवर सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या होत्या.