शेगडीवाचून ऊब

महाबळेश्वर,
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय विजूअक्का,

बाळंतपणाला कोरेगावला येणार नाही, जतलाच राहीन, असं तू दाजींकडून कळवलंस. आईच्या ते फार मनाला लागलं. तिला जरा बदल म्हणून मी इकडे माझ्या खोलीवर घेऊन आले. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे, अक्का. मागच्या खेपेला बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी, खिडक्या बंद, आणि तुझा दमा. खोकून बेजार झालीस, पण आईला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलीस.

माझ्या खोलीत शेगडी नाही. एका हॉटेलने काढून टाकलेला खिडकीतला एसी साताऱ्याच्या आसिफ मिस्त्रींनी बसवून दिलाय. तो उलटाही चालतो. फ्रिज आतली उष्णता पाठीमागून बाहेर टाकतो ना, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता खोलीत आणतो. गार हवेतही थोडी ऊब असतेच. नळीतला वायू त्याहून गार, म्हणून ती शोषून घेतो. मग यंत्र त्याला दाबतं आणि तो तापतो, हवा भरताना सायकलचा पंप तापतो तसा, आणि ती ऊब खोलीत सोडतो. वीज फक्त ऊब वाहून आणायला लागते, म्हणून हीटरपेक्षा कमी. मी हे सगळं आईला उत्साहाने सांगितलं, तर म्हणते, "भाईर दात वाजाय लागल्यात, आन तुजं यंत्र तितनं ऊब आणतंय व्हय? लय शिकलीस बाई!"

परवा शाळेत शिकवून परतले तर खोली गारठलेली. "पडलं बग तुजं यंत्र सर्दीनं," आई म्हणाली. बाहेर जाऊन पाहते तो यंत्राच्या पाठीला गोधडी, वर सुतळीने करकचून बांधलेली! तिथून गार वारा येतो म्हणून तिला त्याची दया आली होती. मी हसतच गोधडी सोडली. म्हटलं, आई, ते या हवेतूनच ऊब घेतं, तू त्याचं नाकच दाबलंस की.

आई हसली नाही. भिंतीला टेकून बसली. खोली पुन्हा उबदार झाली तेव्हा म्हणाली, "चांगलंच कराय गेले व्हते गं." आणि मग हळूच, "विजूचा बी जीव आसाच कोंडत व्हता का, माज्या धुरीनं?" मला खोटं बोलता आलं नाही.

म्हणून हे पत्र. खोली लहान आहे, पण दवाखाना जवळ आहे. तू इथेच ये, आई माझ्याकडेच राहील. तिने सांगितलंय, "लिही तिला, शेगडी न्हाई, धुरी न्हाई. डिंकाच्या लाडवाला तेवढं न्हाई म्हणू नगं म्हणावं."

तुझीच धाकटी,
उमा