काकूंची बरणी
मुरुड, सोमवार, दुकान बंद केल्यावर

तेल पुन्हा महागलं आणि शिव्या मला! सकाळी सुमनकाकूंनी रिकामी बरणी माझ्यासमोर आदळली. "तुम्ही दुकानदारच लोकांना लुटायलात!" मीही भडकलो. "भाव काय मी ठरवतो? जा, दिल्लीला जाऊन भांडा!" रोज दारातूनच 'शरणार्थ' म्हणणाऱ्या काकू आज नमस्काराविना गेल्या. बरणी इथंच राहिली. दिवसभर डोळ्यांत खुपली. जास्त बोललो का? पण मीच का ऐकून घ्यायचं?

संध्याकाळी गल्लीतल्या चौघी बरण्या घेऊन आल्या. पुढं काकू. "मिळून अख्खा डबा घेतो, ठोकचा भाव लाव. अन् मापून तूच दे. आमचा एकमेकींवर भरवसा न्हाई."

आणि या लुटारूवर आहे!

पहिली काकूंचीच बरणी भरली. जाताना 'शरणार्थ' म्हणाल्या. तोंड फुगवूनच.