चंद्रकोरीचा ठसा

सांगली, २२ ऑगस्ट १९४६

तीर्थरूप आबा,

गुंडाचं डोकं तुमच्या पायांवर. मी खुशाल हाय. बोटाला जरा चिरलंय, पण भाकरी मोडता येती. आईला सांगू नका.

आपल्या भट्टीत तुमी एकटे अख्खी कुऱ्हाड घडवता आन् तिच्यावर आपला चंद्रकोरीचा ठसा मारता. हितं कारखान्यात लोखंडी नांगर होतो. त्यात मी दांडीला नुसती भोकं पाडतो. हाक बी बिल्ल्याच्या नंबरानं मारतात.

कामगारांच्या शाळेचे मास्तर म्हणाले, "विलायतेत आधी पुस्तकांनी सांगितलं, दर माणूस आपल्या अकलेचा धनी. मग गिरण्या आल्या आन् त्याच माणसाचा नंबर झाला." मनाला लय लागलं. घरून निघताना तुमी दिलेला जुना ठसा घेतला आन् एका दांडीवर हाणला.

फोरमननं धरलं. "नांगर तुझ्या एकट्याचा व्हय रं? उद्यापास्नं येऊ नगंस."

तवा शेजारच्या यंत्रावरचा जोतिबा उठला. "एकट्याचा न्हाई, खरं हाय," म्हणाला आन् ठशाशेजारी आपला एक ठिपका ठोकला. मग ओतारी आला, मग रंगारी, सगळ्यांनी एकेक ठोकला. एवढ्यांना काढून नांगर कोण करणार? फोरमनला हसू आलं. "रंग फासा त्याला," म्हणाला. माझं काम टिकलं.

भट्टीचा भाता आता माझ्या जागी धाकटी राही ओढती का? तिला दमवू नका.

म्हसवडच्या बाजारात आमचा नांगर दिसला तर दांडीवरचा रंग नखानं खरवडून बघा. आपल्या चंद्रकोरीभोवती चांदण्या दिसतील.

तुमचा,
गुंडा