गोळ्यांच्या कपाटाची किल्ली

८ डिसेंबर
मामाजींना अकोल्याला दाखवलं. अमरावतीत नको, 'मनाच्या डॉक्टरकडं कोणी पाहिलं म्हणजे?' हे किशोरचं. वडील त्याचेच! सासूबाई वारल्या, आम्ही मामाजींना दर्यापूरहून इथे आणलं, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. आम्ही म्हणत राहिलो, वय झालं.

डॉक्टर मला म्हणाले, बाहेर बसलात तरी चालेल. मी बसून राहिले. उदास वाटतं? जगणं नकोसं वाटतं? सगळ्याला एकच— 'नाई. बरा हावो.' नैराश्य फारसं दिसत नाही म्हणे. मला हायसं वाटलं. इतकं का वाटावं?

११ डिसेंबर
कांदा चिरताना लख्ख कळलं. मी समोर होते! लग्न झाल्यापासून मामाजी माझ्याशी सरळ बोललेले नाहीत. चहासुद्धा भिंतीला मागतात— 'चहा भेटंन काय?' असा माणूस सुनेसमोर म्हणेल, जगावंसं वाटत नाही? आणि मी पदर सावरून, कर्तव्य म्हणून ऐकत बसलेली.

१५ डिसेंबर
पुन्हा अकोला. किशोर कुरकुरला— 'बाबा बरा हाय म्हणते ना, काहून मागं लागली?' आज दोघंही बाहेर बसलो. दार बराच वेळ उघडलं नाही.

औषध सुरू. उतार पडायला काही आठवडे लागतील. एकटं ठेवू नका. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा.

मूर्तिजापूरला किशोर उतरला आणि कुलूप घेऊन आला.

१६ डिसेंबर
त्यांच्या उशीच्या अभ्र्यात झोपेच्या गोळ्या सापडल्या. मूठभर. इथे आल्यापासून रोज रात्री मीच हातावर ठेवत होते त्या.

२ जानेवारी
आज भाकर मागितली. भिंतीलाच— पण मागितली!

मी कॉलेजात असते तेव्हा कामाला येणारी गंगूबाई त्यांच्यापाशी बसते. गोळ्यांच्या कपाटाला कुलूप मी चोरून लावते, किल्ली कमरेला. घरच्या वडीलधाऱ्यावर पहारा. कळलं तर केवढा अपमान! पण न लावून कसं चालेल? कोणाला विचारू? थकले.

१९ जानेवारी
घाईत किल्ली कपाटालाच राहिली. चौकातून रिक्षा उलटी फिरवली.

मामाजी दारात उभे. किल्ली त्यांच्या हातात. माझ्या ओंजळीत टाकली, आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले—

'जवळच ठेवत जाय, सूनबाई. मले माहाच भरोसा नाई अजून.'